दम लवकर येतो, गुडघे उशिरा: कोकणातून सायकल शर्यतीत परतताना

पाच-दहा वर्षांच्या खंडानंतर शर्यतीच्या सायकलवर पुन्हा बसणाऱ्या बाईने सर्वांत जास्त जपायचं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सराव सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, आणि पूर्वी ज्या चढावर धाप लागली होती तिथे बोलता येऊ लागतं. वाटतं, जमलं. मग जुना गिअर, जुना वेग, जुनी चढाओढ सुरू होते, आणि महिन्याभरात गुडघ्याच्या वाटीखाली नाहीतर टाचेच्या मागे दुखायला लागतं. दम आठवड्यांत परततो, अस्थिबंध आणि कंडरा, म्हणजे हाडं आणि स्नायू बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, महिन्यांनी, आणि घोळक्यात चाकाला चाक लावून जाण्याची नजर त्याहून उशिरा. म्हणून वेळापत्रक सर्वांत हळू परतणाऱ्या गोष्टीवर बेतायचं. खाली दिलेलं सगळं याच हिशेबाने आहे.

कधी सुरू करावं

कोकणात याचं उत्तर पाऊस देतो. जून ते सप्टेंबर जांभ्याच्या कडेने शेवाळ धरतं, ओढ्या-वहाळांची लाल माती वळणांवर येऊन बसते आणि खड्डे पाण्याखाली लपतात. खंडानंतरचे पहिले महिने अशा रस्त्यावर घालवू नयेत. पावसाळा घरातल्या व्यायामाला द्यावा, जमल्यास ट्रेनरवर, म्हणजे जागीच चालवायच्या स्टँडवर, सायकल लावून आठवड्यातून दोनदा अर्धा तास. गणपतीत रस्त्यांवर चाकरमान्यांच्या गाड्यांची गर्दी असते. अनंत चतुर्दशी झाली, गाड्या परतल्या, पाऊस ओसरला, की रस्त्यावरचा पहिला आठवडा धरा. तिथून १६ आठवडे मोजले की साधारण जानेवारी येतो, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते.

हे १६ आठवडे शर्यत नीट पूर्ण करण्यासाठी आहेत. जिंकण्याचा हिशेब वेगळा. अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँगने २००८ च्या ऑलिंपिक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकटीने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत, सुवर्ण घेतलं, २०१० मध्ये तिला मुलगा झाला, २०१२ मध्ये पुन्हा सुवर्ण, आणि २०१६ मध्ये ४३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिसरं. ब्रिटनच्या लिझी डाइग्ननला सप्टेंबर २०१८ मध्ये मुलगी झाली आणि बायकांची पहिली पॅरिस-रुबे शर्यत तिने ऑक्टोबर २०२१ मध्ये जिंकली. दोघी पूर्णवेळ खेळाडू, तरी बाळंतपणापासून या विजयांपर्यंत दोन-तीन वर्षं गेली. घर, नोकरी आणि शेतीवाडी सांभाळून परतणारीने स्वतःला निदान तेवढी सवलत द्यावी.

आधी शरीर

रक्त तपासून घ्या, नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. अशा वेळी सराव वाढवावा तसा थकवा वाढतो आणि दोष आळसाला दिला जातो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. जेवणाला लागून चहा मात्र आजच थांबवा, कारण तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तासाभराने घ्या. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब-मधुमेह असेल किंवा चढावर छातीत भरून येत असेल, तर जोराचा सराव सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या.

बाळंतपणानंतर परतत असाल तर सहा आठवड्यांच्या तपासणीआधी सीटवर बसू नये. टाके किंवा सिझेरियन असेल तर डॉक्टर म्हणतील तेवढं थांबावं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे लघवी रोखताना जे आवळले जातात ते, दिवसातून तीनदा १०-१० वेळा आवळून सोडायचे, काही सावकाश आणि काही झटक्यात. खोकताना किंवा चढावर जोर लावताना लघवी गळणं आणि खाली जडपणा वाटणं या खुणा आहेत. त्या दिसल्या तर जोर कमी करा आणि स्त्रियांच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. बायका हे वर्षानुवर्षं अंगावर काढतात, पण बहुतेकींना व्यायामाने फरक पडतो. अंगावर पाजत असाल तर आधी पाजून मग निघा.

सायकलमध्ये हाडांवर वजन पडत नाही, त्यामुळे नुसत्या सायकलिंगने हाडं भक्कम होत नाहीत. पाळी थांबण्याच्या वयात ही उणीव मोठी ठरते. आठवड्यातून दोन दिवस वजनाचा व्यायाम हवाच: उठाबशा, कमरेतून वाकून वजन उचलणं, पायरीवर चढ-उतार, चवड्यांवर उभं राहणं, भिंतीवर किंवा जमिनीवर दंड. प्रत्येकी ८ ते १० वेळा, तीन फेऱ्या. जिम नसेल तर पाच-पाच लिटरचे दोन पाण्याचे कॅन पुरतात. दोन आठवड्यांनी वजन थोडं वाढवा. आणि सराव वाढत असताना पाळी अनियमित झाली किंवा बंद पडली तर ती चांगल्या तयारीची खूण नव्हे. शरीराला खाणं कमी पडतंय. खाणं वाढवा आणि डॉक्टरांना भेटा.

पडवीत उभी असलेली सायकल

खारी हवा लागलेली सायकल बाहेरून पुसली की नवी दिसते. पण रबर किलोमीटरने नव्हे, वर्षांनी मरतं. टायर काढून बाजूची भिंत अंगठ्याने दुमडा. केसासारख्या चिरा दिसल्या तर टायर बाद. ट्यूब वॉल्व्हच्या बुडाशी फाटते, म्हणून जुन्या ट्यूब सरळ बदला. ब्रेकचे रबर दगडासारखे झाले असतील तर ते रिम खातात. नखाने दाबून पाहा, नख रुतलं नाही तर नवे घाला. ट्यूबलेस असेल तर सीलंट केव्हाच वाळलेलं असतं.

चेन स्टीलच्या पट्टीने मोजा. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवलं की २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा १६ वा भाग, पुढे गेली असेल तर चेन बदला. पूर्ण एक सूत गेली असेल तर कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांचा संचही, गेलेली असते, नवी चेन त्यावर उड्या मारेल.

सर्वांत हट्टी दुखणं सीटच्या दांड्याचं. ॲल्युमिनिअमचा दांडा आणि फ्रेम यांच्यामध्ये खारट ओलावा शिरून पांढरी भुकटी धरते आणि दांडा चिकटून बसतो. बोल्ट सैल करून सांध्यावर गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी सीट धरून दांडा डावी-उजवीकडे फिरवत वर ओढा. हातोडी नको. फ्रेम कार्बनची असेल तर आच अजिबात देऊ नका, मेकॅनिककडे न्या. निघाल्यावर आतून पुसून, धातू असेल तर ग्रीस आणि कार्बन असेल तर कार्बन पेस्ट लावूनच परत बसवा.

गिअरच्या केबलचं एक टोक डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच लिव्हरमध्ये उजव्या हाताची केबल आत, तिच्या डोक्याजवळच, एकेक तार करून तुटते. आधी गिअर नीट लागेनासे होतात, आपण बाहेरचा स्क्रू फिरवत बसतो, आणि चढावर अचानक केबल तुटून चेन सर्वांत लहान दात्यावर जाते. खंडानंतर केबल आणि आवरण दोन्ही नवी घाला, खर्च किरकोळ आहे. हेल्मेट दहा वर्षांपुढचं असेल तर टाका. आपटलेलं असेल तर कालचं घेतलेलंही टाका.

बसण्याचं माप

जुन्या मापाला परत जायची घाई नको. पायाच्या आतल्या मापाला, म्हणजे जमिनीपासून जांघेपर्यंतच्या उंचीला, ०.८८३ ने गुणा. ते क्रँकच्या, म्हणजे पॅडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. सुरुवातीला त्याहून ३ ते ५ मिलिमीटर खाली बसा, कारण कंबर आणि मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात. हँडल १० ते २० मिलिमीटर वर घ्या, पण फॉर्कची नळी तेवढी लांब असेल तरच. शर्यतीच्या सायकली पूर्वी पुरुषांच्या मापाने बनत, त्यामुळे ब्रेक लिव्हर बायकांच्या बोटांना लांब पडतो. बहुतेक लिव्हरवर तो जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो. घाटाचा उतार दोन बोटांनी ब्रेक धरून उतरता आला पाहिजे.

सीटची रुंदी अंदाजाने घेऊ नका. कडक स्टुलावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवून गुडघे थोडे उचलून बसा. बैठकीच्या दोन हाडांचे खळगे उमटतील, त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि त्यात २० ते २५ मिलिमीटर मिळवा. साधारण तेवढ्या रुंदीची सीट घ्या. पॅडच्या चड्डीखाली आतले कपडे घालायचे नाहीत. दमट हवेत शिवणीखाली सालटं निघतात आणि त्यावर केसतोड उठतं. परतल्यावर आधी चड्डी बदला, चहा नंतर. केसतोड आलं तर दोन दिवस सायकल बंद, पिळू नका.

गिअर बदला, लाज नको

कोकणात रस्ता खाडीपर्यंत उतरतो आणि लगेच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढतो. आरे-वारेच्या बाजूला गणपतीपुळ्याकडे जाताना हे सतत होतं. चढ लहान असतात, पण उभे. जुन्या शर्यतीच्या सायकलला पुढे ५३/३९ आणि मागे ११-२५ दाते असत. ८ टक्क्यांच्या चढावर ३९/२५ मध्ये पॅडल मिनिटाला ६० वेळा फिरवायचं तर ६० किलोची बाई आणि १० किलोची सायकल यांना सुमारे १९० ते २०० वॅट लागतात. पुढे ३४ आणि मागे ३२ लावलं तर त्याच फेऱ्यांना १३० ते १३५ वॅट पुरतात. फरक गुडघ्यांवर पडतो. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३२ ही जोडी घ्या. एक अडचण आहे: जुन्या दहा-गिअरच्या आखूड पिंजऱ्याच्या डिरेल्युअरला, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राला, मागे २८ पर्यंतच दाते चालतात. ३२ साठी लांब पिंजऱ्याचा हवा. नुसती कॅसेट आणून बसवली तर चेन कधी ताणते, कधी लोंबते.

टायर २८ मिलिमीटरचा बसत असेल तर तोच. याच वजनाला मागे ६५ आणि पुढे ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. २५ चा असेल तर ७५ च्या आसपास. रस्ता ओला असेल तर पाच पीएसआय कमी. जुन्या दिवसांसारखं ११० भरलं तर खडबडीत डांबरावर टायर उसळतो, आणि उसळलेला टायर पकड सोडतो.

सोळा आठवडे

पहिले तीन आठवडे: आठवड्यातून तीन दिवस, ४० ते ६० मिनिटं, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने, हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ८५-९० फेऱ्या. त्यासाठी सपाट रस्ता हवा, तो खलाटीत, म्हणजे समुद्राकाठच्या सखल पट्टीत, मिळतो: अलिबाग ते रेवदंडा, किंवा गावागावांतून जाणारा समुद्राकाठचा रस्ता. सुट्टीच्या दिवशी तिथे पर्यटकांच्या गाड्या असतात, म्हणून आठवड्यातलेच दिवस धरा. या तीन आठवड्यांत कुणाच्याही मागे लागायचं नाही.

चौथ्यापासून सातव्यापर्यंत चार दिवस. त्यातला एक दिवस १५ मिनिटांचे दोन टप्पे, छोटी वाक्यंच बोलता येतील अशा जोरात, मधे पाच मिनिटं सावकाश. लांब पल्ल्याचा दिवस दर आठवड्याला १० ते १५ मिनिटांनी वाढवत अडीच तासांपर्यंत न्या. दर चौथ्या आठवड्याला सगळा सराव एक तृतीयांशाने कमी करा. तंदुरुस्ती विश्रांतीत बांधली जाते, आणि परतणाऱ्या बायका नेमका हाच आठवडा वगळतात.

आठव्या आठवड्यात २० मिनिटांची चाचणी घ्या. सरासरी वॅटला ०.९५ ने गुणलं की तासभर टिकेल तो जोर अंदाजे मिळतो. वॅट मोजायचं यंत्र नसेल तर एकच चढ घ्या आणि घड्याळ लावा. दहा वर्षांपूर्वीचा आकडा वहीत असेल तर ती वही कपाटात ठेवा, सराव आजच्या आकड्यावर करायचा. नंतरच्या चार आठवड्यांत एक दिवस चार मिनिटं जोरात, चार मिनिटं सावकाश, असं चार वेळा. खाडीवरून सड्यावर जाणारी एखादी घाटी यासाठी उत्तम, सावकाशीत खाली उतरता येतं. दुसऱ्या दिवशी १५ सेकंदांच्या सहा-आठ धावा, पूर्ण दम परत येईपर्यंत थांबून. लांब चढ हवा असेल तर दाणोलीकडून आंबोली. साधारण ६९० मीटर उंचीचं गाव आहे, पावसानंतर रस्ता पाहून जा. चिपळूणकडून कुंभार्ली घाटही आहे, पण तिथे अवजड गाड्या असतात, पहाटेच निघा.

शेवटचे चार आठवडे घोळक्याचे. शेवटच्या दहा दिवसांत वेळ निम्म्यावर आणा, जोर मात्र ठेवा. सगळंच बंद केलं तर शर्यतीच्या दिवशी पाय जड वाटतात.

दुखण्याचा नियम सोपा आहे. सायकलवर दुखून उतरल्यावर थांबलं तर पुढच्या वेळी जोर कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरतानाही दुखत असेल तर तीन दिवस बंद. वाटीच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर वर. एका वेळी ३ मिलिमीटरच हलवा.

वारा, घाम, खाणं

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, मंद. दुपारकडे खारे वारे येतात, आणि फेब्रुवारीनंतर ते वायव्येकडून चांगलेच जोर धरतात. म्हणून सकाळी उत्तरेकडे जा आणि दक्षिणेकडे परत या. उलट केलंत तर थकलेल्या पायांनी समोरचा वारा खावा लागतो.

दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. शरीराला सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. निघण्याआधी आणि आल्यावर वजन करा: एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी. त्यावरून तुमचं ताशी प्रमाण काढा, बहुतेकींना ५०० ते ७५० मिलिलिटर पुरतं. घरचं मिश्रण असं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. चवीला कोकमाचं आगळ घालायचं तर त्यात आधीच मीठ असतं हे लक्षात ठेवून वरचं मीठ कमी करा.

दीड तासापेक्षा लांब जायचं तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात. आंबापोळी आणि फणसपोळी खिशाला उत्तम, वितळत नाहीत. चिक्की दमटपणाने चिकटते, निघण्याआधीच तुकडे करून कागदात गुंडाळा. शर्यतीच्या सकाळी मऊ भात किंवा घट्ट पेज, मीठ घालून, अडीच-तीन तास आधी. नवीन काही नाही.

घोळक्यात

पुढच्या चाकाच्या आडोशाने गेलं की श्रम साधारण पाव ते एक तृतीयांश वाचतात, म्हणून हे कौशल्य ताकदीइतकंच मोलाचं आहे. सुरुवात दोघींनी करा. आधी एक सायकल लांबीचं अंतर, दोन आठवड्यांनी अर्धं. नजर पुढच्या चाकावर खिळवू नका, तिच्या खांद्यांवरून पलीकडे पाहा. तुमचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला बाजूने भिडू देऊ नका. तसं झालं तर पडते ती मागची. अंतर कमी झालं तर ब्रेकऐवजी अंगाला वारा लागू द्या, किंचित बाजूला होऊन सरळ बसा.

वळणाआधी ब्रेक पूर्ण करा, बाहेरचं पॅडल खाली, वजन त्यावर. कोकणी वळणांवर जांभ्याची बारीक खडी आतल्या कडेला असते, म्हणून रेषा थोडी बाहेरून धरा. बाजारपेठेजवळ मासळीच्या गाड्यांतून गळलेलं पाणी डांबर निसरडं करतं. वाडीतून जाताना झावळ आणि सुपारीची गळलेली पानं आडवी पडलेली असतात. पाहणारीने हात दाखवून मागे ओरडायचं, ही सवय सरावातच लावा.

नियम आणि औषधं

मधल्या काळात नियम बदललेत. मे २००३ पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीत हेल्मेट सक्तीचं केलं. जुलै २०१८ पासून रस्त्यावरच्या शर्यतीत डिस्क ब्रेक चालतात. एप्रिल २०२१ पासून उतारावर फ्रेमच्या वरच्या दांड्यावर बसून जाणं, आणि कोपरापुढचे हात हँडलवर टेकून चालवणं बंद आहे, टाइम ट्रायलचं हँडल सोडून. जुनी सवय असेल तर ती मोडा. वयोगट स्पर्धेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करून ठरतो, वाढदिवस झाला की नाही हे बघत नाहीत. बायकांच्या गटाला पुरुषांच्या गटाने गाठलं तर त्यांच्या मागे लागता येतं का, हे आयोजकांना आधीच विचारा. अनेकदा चालत नाही, आणि नकळत बाद व्हायला होतं.

परवाना घेऊन खेळणाऱ्या बाईने औषधांची यादी तपासलीच पाहिजे. मूल होण्यासाठी दिलं जाणारं क्लोमिफीन आणि लेट्रोझोल, पीसीओएसमध्ये केसांसाठी दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन, ही तिन्ही उत्तेजकविरोधी यादीत कायम बंदीची आहेत. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. औषध सोडू नका. डॉक्टरांकडून कागद घेऊन सवलतीचा अर्ज करा.

पहिली शर्यत

आधी टाइम ट्रायल, मग घोळक्याची. एकटीच्या शर्यतीत चुकलं तरी कुणी पडत नाही. बायकांच्या गटात आठ-दहा जणीच असतील तर लपायला जागा नसते आणि पहिल्याच चढावर फाटाफूट होते, म्हणून चढाच्या पायथ्याशी पहिल्या तिघींत असा. चढत असताना दोन-तीन जागा घसरलात तरी गट सुटत नाही. २० मिनिटं अंग तापवा, त्यात दोन-तीनदा एक-एक मिनिट जोराने. नंबर चार पिनांनी लावा. शेवटच्या एक किलोमीटरमध्ये जुनी ओढ जागी होईल. रेषा सोडून कुणाला ओलांडू नका, रस्ता अरुंद असतो.

परतल्यावर सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, जोराचा फवारा बेअरिंगवर न मारता. चेन कोरडी करून तेल घाला, जास्तीचं पुसा. लाल मातीची भुकटी तेलात मिसळली की ती कानशीसारखी चेन खाते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून पाहा, आणि गुडघे गप्प असतील तरच पुढच्या शर्यतीचा अर्ज भरा, निदान तीन आठवडे सोडून.